भूलतज्ज्ञ होण्याचा खर्च: परीक्षेच्या अर्जापासून कर्जाच्या हप्त्यापर्यंत

एमबीबीएसनंतर पदव्युत्तर शिक्षण घेऊ पाहणाऱ्यांना अभ्यासाबद्दल सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पण जागा मिळाल्यावर तिचे पैसे कसे उभे करायचे, बँक कोणते कागद मागते, विद्यावेतन म्हणून हाती काय पडते आणि डोक्यावर कर्ज घेऊन कुठे नोकरी करता येते, याबद्दल सविस्तर लिहिलेले मला त्या वेळी सापडले नव्हते. मी २०२१ ची नीट पीजी, म्हणजे पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा दिली, २०२२ मध्ये एमडी भूलशास्त्राला प्रवेश घेतला आणि २०२५ मध्ये पदवी घेऊन कोल्हापूर जिल्ह्यात परतले. येत्या मार्चपासून माझ्या शैक्षणिक कर्जाचा पूर्ण हप्ता सुरू होईल. त्याआधी सगळे क्रमाने लिहून ठेवते आहे.

माझे एमबीबीएस कोल्हापूरच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झाले. इंटर्नशिप सीपीआरमध्ये, म्हणजे तिथल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, कोरोनाच्या पहिल्या वर्षात. तेव्हा इंटर्नना महिना ११,००० रुपये मिळत (२०२४ मध्ये ते १८,००० झाले) आणि नीट पीजीच्या अर्जाचे शुल्क खुल्या प्रवर्गासाठी ५,०१५ रुपये होते, म्हणजे जवळपास अर्ध्या महिन्याची कमाई अर्जातच जाई. परीक्षा १८ एप्रिल २०२१ रोजी होणार होती. १५ एप्रिलला ती पुढे ढकलली गेली, आणि ३ मे रोजी केंद्र सरकारने जाहीर केले की ३१ ऑगस्टपूर्वी परीक्षा होणार नाही, कारण कोरोनाच्या कामासाठी डॉक्टर हवे होते. कारण पटण्यासारखेच होते. मीही त्या सुमारास शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्यांना बंधनकारक असलेले एक वर्षाचे सेवाबंधपत्र पूर्ण करण्यासाठी राधानगरी-भुदरगड पट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले होते. हे वर्ष न करणाऱ्याला एमबीबीएससाठी १० लाख रुपये भरावे लागतात.

भूलशास्त्र घ्यायचे, हे त्या वर्षात ठरले. कोल्हापुरात दुसरी लाट जुलैपर्यंत ओसरली नव्हती आणि त्याच जुलैच्या शेवटच्या आठवड्यात महापूर आला. त्या दिवसांत अडलेल्या बाळंतिणीला १०८ च्या गाडीत घालून कुठे पाठवायचे, हा प्रश्न वारंवार येई. जवळच्या रुग्णालयात शस्त्रक्रियागृह होते, स्त्रीरोगतज्ज्ञही असत. पण भूल देणारे कोणी नसले की ते शस्त्रक्रियागृह बंदच राही आणि गाडी कोल्हापूरच्या वाटेला लागे. देशभरातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टरांची कमतरता सुमारे ८० टक्के आहे, असे केंद्र सरकारचीच ग्रामीण आरोग्य आकडेवारी सांगते. तो आकडा मी पुढे वाचला. त्याचा अर्थ मला त्या केंद्रातच कळला होता.

परीक्षा अखेर ११ सप्टेंबर २०२१ रोजी झाली, २८ सप्टेंबरला निकाल लागला. २५ ऑक्टोबरपासून समुपदेशन, म्हणजे गुणवत्तेनुसार जागावाटपाच्या फेऱ्या, सुरू व्हायचे होते, परंतु अखिल भारतीय कोट्यातील ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होते आणि त्याचा निर्णय होईपर्यंत सगळे थांबले. अंतरिम आदेश ७ जानेवारी २०२२ रोजी आला आणि १२ जानेवारीला पहिली फेरी सुरू झाली. या काळात देशभरातल्या शिक्षण रुग्णालयांत निवासी डॉक्टरांच्या, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या, तीनऐवजी दोनच तुकड्या काम करत होत्या. पदव्युत्तर विद्यार्थी हा केवळ विद्यार्थी नसतो; रात्रीचे रुग्णालय त्याच्यावर चालते. एक तुकडी महिनोन्‌महिने उशिरा आली तर तिचे काम वरच्या दोन तुकड्यांवर पडते, आणि त्या वर्षी डिसेंबरात दिल्लीतले निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले, त्यामागे हेच होते.

समुपदेशनातल्या पैशांविषयी थोडे. अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये नोंदणी शुल्क आणि २५,००० रुपये परत मिळणारी अनामत भरावी लागली. अभिमत विद्यापीठांच्या जागांसाठी हेच आकडे ५,००० आणि २ लाख असे आहेत. अनामत परत मिळते हे खरे, पण ज्या खात्यातून किंवा कार्डावरून भरली तिथेच परत येते आणि यायला वेळ लागतो, म्हणून ती शक्यतो स्वतःच्या खात्यातून भरावी, एजंटाच्या किंवा सायबर कॅफेवाल्याच्या नव्हे. मी अभिमत विद्यापीठांसाठी नोंदणी केली नाही. तिथे काही ठिकाणी क्लिनिकल (थेट रुग्णांवर उपचार करणाऱ्या) शाखांची वार्षिक फी वीस लाखांच्या पुढे होती आणि आमच्या घरी २ लाख रुपये काही आठवडे अडकवून ठेवणेही शक्य नव्हते. गुणवत्तेची यादी सर्वांसाठी एकच असते असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात अनामतीच्या रकमेपाशीच ती दोन याद्यांत विभागली जाते.

माझा क्रमांक मधल्या फळीतला होता. शासकीय महाविद्यालयात भूलशास्त्र अगदी थोडक्यात हुकले. राज्यातले प्रवेश पाहणाऱ्या सीईटी कक्षाच्या दुसऱ्या फेरीत मला एका खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात, राज्य कोट्यातून, भूलशास्त्राची जागा मिळाली. तोवर माझे बंधपत्राचे वर्ष पूर्ण झाले होते. इथली फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते. माझ्या जागेची ती वर्षाला सुमारे नऊ लाख होती. नेमके त्याच महिन्यांत, ३ फेब्रुवारी २०२२ रोजी, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने खासगी महाविद्यालयांतल्या निम्म्या जागांची फी शासकीय महाविद्यालयांइतकी असावी, असे परिपत्रक काढले होते. आम्ही ते पुन्हा पुन्हा वाचले. माझ्या प्रवेशाला त्याचा काही उपयोग झाला नाही.

प्रवेशाच्या वेळी मूळ कागदपत्रे जमा होतात आणि बँकेला, वैद्यक परिषदेला, पुढच्या फेरीला तीच पुन्हा हवी असतात. म्हणून नीटचे गुणपत्रक, चारही वर्षांच्या गुणपत्रिका, प्रयत्नांचे (किती प्रयत्नांत उत्तीर्ण झालो याचे) प्रमाणपत्र, इंटर्नशिपचे आणि बंधपत्र पूर्तीचे प्रमाणपत्र, महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी आणि अधिवास प्रमाणपत्र यांच्या साक्षांकित प्रतींचे किमान चार संच आधीच तयार ठेवावेत. मिळालेली जागाच कायम ठेवायची असेल तर स्टेटस रिटेन्शनचा अर्ज वेळेत भरावा लागतो. तो न भरल्यास पुढच्या फेरीत जागा बदलू शकते.

फी भरण्यासाठी हाताशी थोडेच दिवस होते आणि कर्ज मंजूर व्हायला आठवडे लागतात, हे बँकेने पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले. तेव्हा पहिल्या वर्षाची रक्कम आईच्या पाटल्यांवर सोनेतारण कर्ज, बाबांच्या निवृत्तीच्या ठेवीतला एक भाग आणि मामांनी दिलेले पैसे अशी जमवली. पुढे शैक्षणिक कर्ज मंजूर झाल्यावर फीची पावती दाखवून ती रक्कम बँकेकडून परत मिळाली. पण ही सोय प्रत्येक शाखा देतेच असे नाही, म्हणून आधी लेखी विचारून घ्यावे.

शैक्षणिक कर्जाची चौकट साधारण अशी असते. ४ लाखांपर्यंत पालक सहकर्जदार असले की तारण लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत तिसऱ्या व्यक्तीच्या हमीवर काम होते. त्यापुढे स्थावर तारण लागते. चार लाखांपुढच्या कर्जात पाच टक्के रक्कम आपण स्वतः घालायची असते. व्याज अनुदानाची केंद्राची योजना वार्षिक साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी होती आणि तिचा लाभ पदवी किंवा पदव्युत्तर यांपैकी एकाच शिक्षणासाठी मिळे. आम्ही त्या मर्यादेच्या थोडे वर होतो. मला एकूण २४ लाखांचे कर्ज हवे होते, म्हणजे तारण अटळ होते.

बाबांनी पहिल्यांदा गावाकडच्या शेताचा सातबारा पुढे केला. ऊस पिकवणारी, पाण्याखालची जमीन. त्यांच्या दृष्टीने घरातली सर्वांत मोलाची वस्तू. बँकेने तो पाहून परत दिला. कारण मला तेव्हा प्रथमच समजले: थकीत कर्जाच्या वसुलीसाठी बँका ज्या २००२ च्या सरफेसी कायद्याचा आधार घेतात, तो शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणून शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घ्यायला त्या सहसा तयार नसतात. कायद्यातली ही तरतूद शेतकऱ्याची जमीन वाचवण्यासाठी आहे आणि ती असायलाच हवी. परंतु तिचा परिणाम असा होतो की ज्या कुटुंबाची सगळी पुंजी जमिनीत आहे, त्याच्या मुलीला डॉक्टर होण्यासाठी त्या पुंजीचा काही उपयोग नाही. शहरात घर किंवा बिगरशेती भूखंड असेल तरच दार उघडते. आमचे कोल्हापुरात मंगळवार पेठेत आजोबांचे जुने घर होते. ते नसते तर मी भूलतज्ज्ञ झाले नसते.

त्या घराचे कागद नीट करणे हा या साऱ्या प्रवासातला सर्वांत लांब टप्पा ठरला. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचे नाव होते. नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, नोटिशीची मुदत, मग फेरफार. बाबांबरोबर आत्याचेही नाव वारस म्हणून लागले, त्यामुळे तारणखतावर तिची सही आवश्यक झाली. आत्याने एक प्रश्नही न विचारता सही केली. पण प्रत्येक घरात असे होईलच असे नाही आणि भावाबहिणींच्या वाटणीतला जुना अबोला अशा वेळी मुलांच्या शिक्षणाच्या आड येतो, हे मी माझ्या वर्गातल्या दोघांच्या बाबतीत पाहिले आहे. त्यानंतर घरफाळ्याची चालू पावती, बांधकाम परवान्याची प्रत, बँकेच्या यादीतल्या वकिलांचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा तपासल्याचा अहवाल) आणि मूल्यांकनकाराचा अहवाल. वकील आणि मूल्यांकनकार यांची फी आपणच द्यायची असते. हक्काचे कागद बँकेकडे ठेवल्यानंतर तीस दिवसांच्या आत दुय्यम निबंधकांकडे नोटीस ऑफ इंटिमेशन (तारण ठेवल्याची सूचना) दाखल करावी लागते. त्याची पावती मागून घ्यावी आणि जपावी, कारण कर्ज फिटल्यावर बोजा उतरवताना ती लागते. कागद जमा करताना बँकेकडून त्यांची सहीशिक्क्याची यादीही घ्यावी. ज्यांच्या घरी परीक्षेची तयारी चालू आहे, त्यांनी प्रॉपर्टी कार्ड आजच काढून पाहावे, एवढे मी आग्रहाने सांगेन.

कर्ज २०२२ च्या उन्हाळ्यात मंजूर झाले. त्याच मे महिन्यापासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, वाढवायला सुरुवात केली आणि ४ टक्क्यांवरचा दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर गेला. माझे कर्ज बदलत्या दराचे होते. २४ लाखांवर अडीच टक्के म्हणजे वर्षाला साठ हजार रुपये. शिकत असताना फक्त सरळ व्याज आकारले जाते आणि ते दरमहा भरत गेल्यास अनेक बँका दरात एक टक्का सवलत देतात. ती सवलत अर्ज करून मागावी लागते. माझे व्याज मी विद्यावेतनातून भरत राहिले. व्याजावर आयकर कायद्याच्या ८०ई कलमाखाली आठ वर्षे वजावट मिळते, मात्र ती जुन्या करप्रणालीतच, हेही हिशेबात धरावे.

विद्यावेतनाबद्दल लिहिताना मला त्रास होतो, पण ते टाळणे बरोबर नाही. पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत २०१८ पासून स्पष्ट लिहिले आहे की विद्यार्थ्याला त्या राज्यातल्या शासकीय महाविद्यालयाइतकेच विद्यावेतन मिळाले पाहिजे, आणि २०२३ च्या नियमांत ते कायम आहे. आमच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षी मिळणारी रक्कम शासकीय महाविद्यालयातल्या माझ्या मैत्रिणीच्या जेमतेम निम्मी होती. काम सारखेच होते: आठवड्यातून दोन-तीन रात्रपाळ्या, त्यानंतर सकाळची शस्त्रक्रियागृहाची यादी, अतिदक्षता विभागात धावणे. निवासी डॉक्टरांचे तास आठवड्याला ४८ असावेत, असे केंद्राने १९९२ मध्येच ठरवलेले आहे. ते तास मी कोणत्याच महाविद्यालयात पाळलेले पाहिले नाहीत. आम्ही सर्वांनी मिळून सहीचे निवेदन दिले, नियमाचा उतारा जोडला, पोच घेतली आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या पोर्टलवर तक्रारही नोंदवली. तिसऱ्या वर्षी रक्कम वाढली. मागची थकबाकी मिळाली नाही. असे निवेदन एकट्याने देऊ नये, पूर्ण तुकडीने द्यावे, आणि विद्यावेतन बँक खात्यातच घ्यावे, म्हणजे नोंद राहते. विद्यावेतन ही कृपा नव्हे. ते केलेल्या कामाचे मोल आहे, आणि कर्जावर शिकणाऱ्याच्या घरात त्यावर महिन्याचे व्याज अवलंबून असते.

या तीन वर्षांतला सर्वांत उपयोगाचा काळ मला जिल्हा निवासी कार्यक्रमात मिळाला. २०२१ च्या तुकडीपासून प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तिसऱ्या ते पाचव्या सत्रादरम्यान तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करावे लागते. मला आपल्याच जिल्ह्याच्या दक्षिणेकडचे एक रुग्णालय मिळाले. चंदगड तालुक्यातून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून लांब पडते. तिकडची माणसे जीव अडला की बेळगावचा रस्ता धरतात आणि राज्याची हद्द ओलांडतात. मी असेपर्यंत तिथे ठरलेल्या दिवशी सिझेरियन, हर्निया, हाडांच्या लहान शस्त्रक्रिया होऊ लागल्या. स्पायनल (पाठीच्या कण्यातून दिली जाणारी) भूल देण्यासाठी फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. प्रशिक्षित माणूस, तपासलेले मॉनिटर, ऑक्सिजन आणि अडचण आली तर सावरण्याची तयारी लागते. परिचारिका आणि शस्त्रक्रियागृहातले कर्मचारी आधीपासून कुशल होते. कमतरता एका पदाची होती, आणि ते एक पद रिकामे असल्याने बाकीच्यांचे कौशल्यही पडून राहत होते. तीन महिने संपल्यावर माझ्या जागी दुसऱ्या शाखेचा विद्यार्थी आला. भूलशास्त्राचा पुढचा विद्यार्थी केव्हा येणार, हे महाविद्यालयाच्या वेळापत्रकावर ठरणार होते. रुग्णालयाची गरज कोणी विचारली नव्हती.

मनुष्यबळ नियोजनाचा खरा प्रश्न मला तिथे दिसला. पदव्युत्तर जागा मंजूर होतात त्या महाविद्यालयातल्या खाटा आणि मार्गदर्शक अध्यापक यांच्या हिशेबाने. कोणत्या जिल्ह्यात कोणत्या शाखेचे किती तज्ज्ञ कमी आहेत, या हिशेबाने नव्हे. २०१४ मध्ये देशात पदव्युत्तर जागा ३१,१८५ होत्या, आज त्या सत्तर हजारांच्या पुढे आहेत. तरीही काही शाखांच्या जागा रिकाम्या राहतात, इतक्या की २०२३ मध्ये पात्रतेचे पर्सेंटाइल शून्यावर आणावे लागले, म्हणजे परीक्षा दिलेला प्रत्येक जण पात्र ठरला, आणि तालुक्याच्या ठिकाणी भूलतज्ज्ञ नसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने शासकीय संस्थांत ५,००० नव्या पदव्युत्तर जागांना मंजुरी दिली आणि प्रति जागा खर्चाची मर्यादा १.५ कोटी रुपये ठेवली. हा निर्णय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण एक तज्ज्ञ घडवायला समाजाला किती खर्च येतो, हे त्यात उघडपणे मान्य झाले आहे. आता त्याला जिल्ह्याच्या पदांची जोड द्यायला हवी: आधी पद, मग त्या पदासाठी जागा, मग त्या जागेचा खर्च.

बंधपत्राकडेही मी याच दृष्टीने पाहते. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातून पदव्युत्तर झालेल्याला एक वर्ष सेवा करावी लागते, नाहीतर ५० लाख रुपये भरावे लागतात. समाजाने खर्च केला, समाजाने सेवा मागितली. यात मला अन्याय दिसत नाही, फक्त ती नेमणूक त्याच्या शाखेचे काम जिथे आहे तिथे व्हावी. माझ्यासारख्याला असे शासकीय बंधपत्र नाही. मला बांधले आहे ते हप्त्याने, आणि हप्ता माणसाला तालुक्याकडे नेत नाही, मोठ्या शहराकडे नेतो. कोल्हापुरात १९०१ पासून शाहू महाराजांनी वसतिगृहे उभी केली, तेव्हा मुलाच्या राहण्याजेवणाची सोय आधी आणि शिकण्याची अपेक्षा नंतर, असा त्यांचा क्रम होता. दसरा चौकातून सीपीआरकडे जाताना ती बोर्डिंगे आजही दिसतात.

प्रबंध, चार लेखी पेपर आणि प्रात्यक्षिक यांच्याबद्दल लिहिण्यासारखे वेगळे काही नाही. २०२५ मध्ये उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र वैद्यक परिषदेत वाढीव अर्हतेची नोंद करून घेतली. ती झाल्याशिवाय भूलतज्ज्ञ म्हणून नेमणूक मिळत नाही, तेव्हा तो अर्ज लगेच करावा.

शहरातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयाने दिलेला पगार माझ्या हप्त्याच्या कितीतरी पट होता. मी राष्ट्रीय आरोग्य अभियानातून एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी पद घेतले आणि आठवड्यातले दोन दिवस कोल्हापुरात खासगी शस्त्रक्रियांसाठी भूल देते. दोन्ही मिळून घर आणि कर्ज चालते. २४ लाखांना सध्याच्या साडेनऊ टक्क्यांच्या आसपासच्या दराने पंधरा वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे पंचवीस हजार होतो, म्हणजे शेवटी एकूण पंचेचाळीस लाखांच्या घरात रक्कम जाईल. मुदतीपूर्वी जादा रक्कम भरता येते, त्यासाठी वेगळे शुल्क नाही ना, हे मंजुरीपत्रात पाहून घ्यावे. माझा करार अकरा महिन्यांचा आहे आणि कर्ज पंधरा वर्षांचे. कराराचे नूतनीकरण या उन्हाळ्यात आहे. त्यासोबत जिल्हा आरोग्य विभागाला मी लेखी विनंती करणार आहे की जिल्हा निवासी कार्यक्रमाच्या नेमणुका ठरवताना आमच्या बारा तालुक्यांतल्या रिक्त तज्ज्ञ पदांची यादी शेजारी ठेवावी आणि जिथे भूलतज्ज्ञ नाही, तिथे एकामागून एक त्याच शाखेचे निवासी पाठवावेत. यासाठी नवा पैसा लागत नाही. अर्जाचा मसुदा तयार आहे. याच जिल्ह्यात काम करणारे आणखी कोणी सही करणार असतील तर त्यांनी जरूर कळवावे.